हिरव्या ट्रेमधलं पत्र

पेशंट बरा झाला तरी नातेवाईक पत्र लिहितात आणि नाही झाला तरी लिहितात. आमच्या हॉस्पिटलची अशी सगळी पत्रं एकोणीस वर्षं माझ्या टेबलावर येत होती. तळमजल्यावर जिन्याखाली, पूर्वी जिथे धुतलेल्या चादरी ठेवत त्या खोलीत माझं ऑफिस. दारावर ‘अभिप्राय कक्ष’ अशी पाटी. लोक ती पाटी नीट वाचायचे, आत डोकावायचे आणि एक्स-रे कुठे काढतात ते विचारायचे.

टेबलावर तीन ट्रे होते. हिरवा आभाराचा, लाल तक्रारीचा आणि पांढरा ना धड इकडच्या ना धड तिकडच्या पत्रांचा. आलेलं पत्र वाचायचं आणि तिन्हीपैकी एका ट्रेत टाकायचं, एवढंच माझं काम. ऐकणाऱ्याला वाटायचं, त्यात काय मोठंसं. मला मात्र माझ्या कामाची फार ऐट होती.

पद्धत जुन्या साहेबांनी शिकवलेली. “विशेषण धरा, माणूस सापडतो,” असं ते म्हणायचे. हातात दोन पेन्सिली घ्यायच्या. ‘प्रेमळ’, ‘देवमाणूस’, ‘मनापासून’ दिसलं की खाली हिरवी रेघ. ‘उद्धट’, ‘गलिच्छ’, ‘अक्षम्य’ दिसलं की लाल. शेवटी रेघा मोजायच्या आणि ज्या रंगाच्या जास्त त्या ट्रेत पत्र टाकायचं. पोरखेळ वाटतो, पण शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर येतो. उरलेल्या पाचांसाठी अनुभव लागतो, आणि तो माझ्याकडे होता. ‘आपल्या सेवेबद्दल बोलावं तेवढं थोडंच’ असं कोणी लिहिलं की माझा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जायचा. ‘जेवण बरं होतं’ यातलं ‘बरं’ कौतुकाचं की नाइलाजाचं, हे मी पुढच्या ओळीत संडासाचा उल्लेख आहे की नाही यावरून ओळखायची.

शेजारच्या टेबलावर आमचा कारकून. प्रत्येक पत्र दोन्ही हातांत धरून तो इतका वेळ तोलायचा की सगळे त्याला ‘तराजू’च म्हणायचे. पहिल्या वाचणाऱ्याला शंका आली तर पत्र दुसऱ्याला दाखवायचं, असा नियम होता. तराजू मला दिवसाला आठ-दहा पत्रं दाखवायचा. मी त्याला एकोणीस वर्षांत दाखवलेली पत्रं बोटांवर मोजता येतील. शंका घ्यायला वेळ लागतो आणि मला वेळ लागत नाही, हे मी चारचौघांत हसत हसत सांगायची.

लाल ट्रेमधल्या पत्राला नंबर पडतो. नंबर पडला की ज्या वॉर्डाविषयी पत्र आहे त्याचे त्या दिवसाचे सगळे कागद उत्तर जाईपर्यंत सांभाळून ठेवावे लागतात. हिरव्या ट्रेमधल्या पत्राला नंबर नसतो. त्यातल्या चांगल्या ओळी टाइप करून आम्ही पुढच्या हॉलमधल्या बोर्डावर लावतो. नावं गाळून खाली नुसतं ‘एका रुग्णाचे कुटुंबीय’ असं लिहितो. मूळ पत्र एका खोक्यात जातं आणि ते खोकं सहसा पुन्हा उघडत नाही.

खरं तर माणसाच्या मनातलं सगळंच विशेषणात येत नाही, हे मला घरी बसून कळायला हवं होतं. सासूबाईंनी एकोणतीस वर्षांत माझ्या हातच्या कुठल्याही पदार्थाला चांगलं म्हटलं नाही. ताट पुढे सरकवून दुसऱ्यांदा वाढून घेतलं की आपण समजायचं. माझ्या मोठ्या आजारपणात त्या रोज सकाळी खोलीच्या दाराशी येऊन “खिडकी उघडू का?” एवढंच विचारायच्या आणि उत्तर ऐकून जायच्या. त्यांना माझी किती काळजी वाटत होती, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. घरी जे डोळे मिटून कळायचं ते ऑफिसात डोळे उघडे ठेवून कळलं नाही, याला काय म्हणावं.

त्या दिवशी सकाळी सव्वाअकराला एक गृहस्थ दारात उभे राहिले. वय सत्तरच्या पुढे, अंगानं सडपातळ, शर्टाला कडक इस्त्री, पण वरून दुसरं बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं. त्यांनी एक्स-रेची चौकशी केली नाही.

“ताई, मी इथे एक पत्र दिलं होतं,” ते म्हणाले. “आज एक्काहत्तर दिवस झाले. उत्तर आलं नाही म्हणून आलो.”

मी त्यांना बसायला सांगितलं आणि कुठल्या वॉर्डाचं पत्र ते विचारलं. तिसरा मजला, बायकांचा वॉर्ड, खाट नंबर चौदा. मी आवक वही उघडली. त्या तारखेला, त्या खाटेपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: हिरवा. मला हायसं वाटलं. आभाराचं पत्र लिहिणारे अधूनमधून येतात, आपलं लिहिलेलं कुठे लावलंय ते बघतात, कोणी मोबाइलवर फोटोही काढून घेतात. हेही त्यातलेच, असं मी धरून चालले.

“अहो काका, तुमचं पत्र तर आम्ही बोर्डावर लावलंय,” मी म्हटलं. “या, दाखवते.”

आणि मी त्यांना खरोखरच हॉलमध्ये घेऊन गेले. नुसती नाही गेले, पुढे पुढे चालत गेले. बोर्डासमोर उभी राहून मी त्यांच्या पत्राचा कागद बोटानं दाखवला. आजही तो हॉल ओलांडताना मला ते माझं बोट आठवतं.

कागदावर चार ओळी होत्या. ‘सर्व परिचारिका अत्यंत प्रेमळ आहेत. त्यांनी मनापासून सेवा केली. इथली आपुलकी पाहून फार समाधान वाटले. आम्ही दोघे आपले कायमचे ऋणी आहोत.’

त्यांनी चष्मा लावला आणि ते वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“हे खालचं आहे,” ते म्हणाले. “वरचं कुठे आहे?”

मला काही समजलं नाही. वरचं म्हणजे काय, असं मी विचारलंसुद्धा. पत्रात याच्या वरती मजकूर होता, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आम्ही परत ऑफिसात आलो. मी खोकं काढलं, पत्र शोधलं आणि त्यांच्यासमोरच वाचायला घेतलं. सुवाच्य अक्षर, समासासाठी पेन्सिलीनं आखलेली रेघ, वर तारीख. मजकूर असा होता:

‘मी हवामान केंद्रात चौतीस वर्षे निरीक्षक होतो. सवयीमुळे वेळा लिहीत आहे. माझी पत्नी खाट क्रमांक चौदावर सहा दिवस होती. सहाव्या दिवशी दुपारी ३.०५ वाजता तिने वाचायचा चष्मा मागितला म्हणून मी घरी निघालो. निघताना बेलचे बटण तिच्या उजव्या हातात दिले. ३.५० वाजता परत आलो. खाटेवरचा लाल दिवा लागलेला होता. बटण तिच्या हातात होते. मी हाका मारल्या. ३.५५ वाजता सिस्टर आल्या. ४.१० वाजता डॉक्टरांनी ती गेल्याचे सांगितले. दिवा किती वेळ लागलेला होता हे कळल्यास बरे होईल.’

त्याखाली त्या चार ओळी.

पेशंटनं बटण दाबलं की खाटेवरचा दिवा लागतो. सिस्टर खाटेपाशी येऊन तिथलं दुसरं बटण दाबेपर्यंत तो विझत नाही. बेल किती वाजता वाजली आणि कोणी किती वाजता येऊन बंद केली, हे सिस्टरांच्या खोलीतलं यंत्र कागदाच्या पट्टीवर छापतं. हे आमच्या हॉस्पिटलात झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं.

पत्रात पाच हिरव्या रेघा होत्या. प्रेमळ, मनापासून, आपुलकी, समाधान, ऋणी. लाल एकही नव्हती. कुठून असणार? त्या माणसानं कोणालाही निष्काळजी म्हटलं नव्हतं, कुठलीही गोष्ट दुर्दैवी म्हटली नव्हती, स्वतःच्या दुःखाला दुःखसुद्धा म्हटलं नव्हतं. नुसत्या वेळा लिहिल्या होत्या. मी त्या वेळांवरून पेन्सिल न टेकवता खाली घसरले होते आणि जिथे पकडायला शब्द मिळाले तिथे थांबले होते. वरून कोणाचा दबाव होता, असंही नाही. असता तर बरं झालं असतं, खापर फोडायला एखादं डोकं मिळालं असतं.

“मला कोणाला शिक्षा वगैरे नको,” ते म्हणाले. “तिनं बटण कधी दाबलं एवढंच कळायला हवंय. मी यायच्या आधी एक मिनिट दाबलं असेल तर कोणाचाच दोष नाही. मी निघाल्यावर लगेच दाबलं असेल तर पंचेचाळीस मिनिटं ती वाट बघत होती.”

बायको गेल्यापासून ऐंशी दिवस या माणसाच्या डोक्यात एक मिनिट आणि पंचेचाळीस मिनिटं, एवढंच फिरत होतं.

मी तराजूला जुन्या पट्ट्या ठेवतात त्या तळघरात पाठवलं आणि स्वतः तिसऱ्या मजल्यावर जाऊन मोठ्या सिस्टरना खाली घेऊन आले. त्या दिवशी दुपारी ड्यूटीवर दोघीजणी होत्या. एक नोकरी सोडून गेली होती आणि दुसरीला काही आठवत नव्हतं. तेही खोटं नसावं. चाळीस खाटांच्या वॉर्डात दिवसाला दीडशे वेळा बेल वाजते.

“आमच्याकडे बेल वाजली की मुली लगेच जातात,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. बाई मनानं वाईट नाहीत, त्या अगदी कळवळून बोलत होत्या. “फार तत्पर आहेत हो सगळ्या. त्या दिवशीही लगेचच गेल्या असणार.”

“लगेच म्हणजे किती मिनिटं?” काकांनी विचारलं.

विचारण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना खरंच आकडा हवा होता. मोठ्या सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. मग वॉर्डात कोणीतरी वाट बघतंय असं काहीसं पुटपुटत त्या निघून गेल्या.

तराजू तळघरातून परत आला. त्यानं नुसती मान हलवली. पट्ट्या साठ दिवस ठेवतात. ऐंशी दिवसांपूर्वीची पट्टी वीस दिवसांपूर्वीच यंत्रात घालून बारीक केली होती.

आता माझ्याजवळ सांगायला एक वाक्य होतं आणि ते मी सांगितलं. “काका, बेलच्या पट्ट्या साठ दिवसांनी नियमाप्रमाणे नष्ट करतात. तुमच्या दिवसाची पट्टी आता नाही.”

वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्यात एकही खोटा शब्द नव्हता आणि मी कुठेच नव्हते.

“नियम असेल तर इलाज नाही,” ते म्हणाले. नियमांत आयुष्य घालवलेला माणूस, त्यांनी ते मान्य केलं. पिशवी उचलली, खुर्ची होती तशी टेबलाला लावून ठेवली आणि दाराकडे निघाले. तराजूनं समोरचं पत्र दोन्ही हातांत धरलं होतं, पण तो वाचत नव्हता. मी आणखी चार पावलं गप्प बसले असते तर ते निघून गेले असते. माझी तशी इच्छा होती, हेही लिहून टाकते. आठ वर्षांनी निवृत्ती, आजवर एक ठपका नाही, आणि सांगून ती पट्टी थोडीच परत येणार होती.

“काका, थांबा,” मी म्हटलं. “अर्धंच सांगितलं मी. बसा.”

ते परत येऊन बसले.

“तुमचं पत्र आलं तेव्हा नऊ दिवस झाले होते. पट्टी होती. आणखी एक्कावन्न दिवस होती. पत्र तक्रारीत गेलं असतं तर तिला कोणालाही हात लावता आला नसता. मी ते आभारात टाकलं.”

“तुम्ही वाचलं होतंत ते?”

“वाचलं होतं. मला कळलं नाही.”

मला वाटत होतं, ओरडावं यांनी, टेबलावर हात आपटावा. तसं काही केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त पत्र माझ्या हातातून घेतलं आणि रेघांवर बोट ठेवलं.

“या हिरव्या कशाच्या?”

मी सांगितलं. चांगल्या शब्दांखाली हिरवी, वाईट शब्दांखाली लाल, ज्या जास्त तो ट्रे. एकोणीस वर्षांत ही पद्धत मी कितीतरी जणांना समजावून सांगितली असेल. त्या दिवशी ती सांगताना मला माझाच आवाज ऐकवेना.

“म्हणजे या चार ओळींमुळे झालं.”

“हो.”

“या माझ्या नाहीत,” ते म्हणाले. “मला असलं लिहिता येत नाही. आमच्या कामात ‘खूप ऊन’ किंवा ‘छान वारा’ असं लिहायची मनाई होती. आकडा लिहायचा. हे तिचं आहे. पाचव्या दिवशी तिला जरा बरं वाटत होतं, तेव्हा तिनं मला लिहून घ्यायला लावलं. म्हणाली, आपण दोघं घरी गेलो की यांना पत्र पाठवायचं, बिचाऱ्या पोरी दिवसभर पळत असतात. आणि तुमच्या वहीसारखं कोरडं नको. मी सांगते ते लिहा.”

मी पत्राकडे पाहिलं. ‘आम्ही दोघे’. बायको गेल्यावर नऊ दिवसांनी कुठला माणूस ‘आम्ही दोघे’ लिहितो? शब्दांची मोठी जाणकार म्हणवणारी मी, तोही शब्द माझ्यासमोर होता, आणि मी त्याच्या पलीकडच्या ‘ऋणी’खाली रेघ मारली होती.

“तिनं सांगितलं होतं म्हणून मी शेवटी ते घातलं,” ते म्हणाले. “एक शब्दही बदलला नाही.”

मला रडू आलं. माझ्या रडण्याचा त्यांना काय उपयोग, म्हणून मी ते गिळलं. पत्राला आत्ताच्या आत्ता नंबर देते, लाल ट्रेत घालते, वर माझी चूक लेखी कळवते, असं सांगितलं. आणि तसं पुढे केलंही. त्यावर मला काय ऐकावं लागलं ते इथे सांगण्यासारखं नाही, आणि ते कमीच होतं.

“नंबर द्या,” ते म्हणाले. “पण ती वेळ आता कळणार नाही ना?”

“नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही.”

त्यांनी मान हलवली. मग पिशवीतून एक छोटी वही काढली आणि उघडून टेबलावर ठेवली. हॉस्पिटलातले ते सहा दिवस त्यात होते. डावीकडे वेळ, उजवीकडे नोंद. ताप, नाडी, किती घास जेवली, किती वेळ झोपली. शेवटच्या पानावर ‘३.०५, निघालो’ असं होतं आणि ‘३.५०, परत. दिवा लागलेला’ असं होतं. दोन्हींच्या मध्ये एक ओळ मोकळी सोडलेली होती.

“चौतीस वर्षांत माझ्या हातूनही नोंदी चुकल्या,” ते म्हणाले. “चारदा. त्यातल्या एकदा तर झोप लागली होती.”

“मग काय करायचं?” मी विचारलं.

“आधीचा आणि नंतरचा आकडा बघून मधला सहज भरता येतो. कोणाला कळतही नाही. पण तसा भरायचा नाही. चुकलेली नोंद अंदाजानं भरायची नसते. तिथे आडवी रेघ मारायची.”

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि त्या मोकळ्या ओळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश रेघ मारली. रेघ सरळ आली. मग त्यांनी वही फिरवून माझ्यापुढे केली.

“आणि ज्याच्या हातून नोंद चुकली, त्यानं शेजारी सही करायची असते.”

तराजू त्याच्या टेबलावरून पाहत होता. मी पेन घेतलं आणि रेघेच्या पुढे सही केली. सहीखाली वेळ घालायची का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहून बारा वाजून बावीस मिनिटं झाल्याचं सांगितलं. मी तेवढं लिहिलं.